डॉक्टरबाईंचे ब्रेक

डॉक्टरबाईंना मी बसलेलं पाहिलं ते फक्त गाडीत. एरवी त्या उभ्या असत, नाहीतर निघालेल्या असत. दवाखान्यात त्यांच्यासाठी एक चांगली लाकडी खुर्ची होती, तिच्यावर कापसाचे गठ्ठे ठेवलेले. औषधाची चिठ्ठी त्या खिडकीच्या कट्ट्यावर कागद टेकवून लिहीत. जेवतानाही ताट हातात घेऊन अंगणात फेऱ्या मारत. भाकरीचा पहिला घास कडुनिंबाखाली, शेवटचा फाटकाशी. वाक्य एका खोलीत सुरू करत आणि दुसऱ्या खोलीत संपवत. त्यामुळे तपासून घ्यायला आलेल्या बायका त्यांच्या मागोमाग घरभर हिंडत.

"बसलेल्या माणसाला दुखणं लवकर सापडतं," असं त्या म्हणायच्या.

माझ्या रेल्वेतल्या वडिलांची सोलापूरहून बदली झाली तेव्हा मी सोलापुरातल्याच एका इंग्रजी शाळेत लहान मुलांना शिकवायला नुकती लागले होते. आईवडील गेले, मी मागे राहिले. मलाही कुठंतरी जायचं होतं, पण कुठं ते ठरत नव्हतं. रेल्वे लाइन्समधल्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यामागची खोली मला मिळाली. त्यांनी माझं गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, लग्नाचं विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "इंग्रजी नीट वाचता येतं ना? मोठ्यानं?"

मला वाटलं, डोळे अधू झाले असतील, वैद्यकाची पुस्तकं वाचून दाखवायची असतील. पहिल्याच रविवारी त्यांनी माझ्या हातात तेलाचे डाग पडलेलं एक पुस्तक दिलं आणि स्वतः गाडीखाली शिरल्या. ते गाडीच्या दुरुस्तीचं पुस्तक होतं. मी कडुनिंबाच्या सावलीत उभी राहून वाचत होते आणि बाईंचे कॅनव्हासचे बूट तेवढे मला दिसत होते. त्या दिवसापासून माझं नाव 'इंग्लिश' पडलं. "ए इंग्लिश, ते स्प्रिंगचं वाक्य परत वाच."

गाडी विलायती होती, दोन सीटांची, शर्यतीच्या गाडीसारखी बुटकी. मिलमध्ये यंत्रं बसवायला आलेला कुणी साहेब मायदेशी जाताना ती इथंच टाकून गेला होता. बाईंच्या धाकट्या भावानं ती हौसेनं घेतली. त्याची दुधनीला अडत होती. गाडी घरी आल्यावर लक्षात आलं की त्याचे गुडघे आत मावत नाहीत. मग ती बहिणीकडे आली, पण कागदोपत्री राहिली त्याच्याच नावावर. मूळ रंग लाल असावा. सोलापूरच्या उन्हानं तो वाळल्या मिरचीसारखा झाला होता. वरचं कापडी छत फाटलं होतं तिथं बाईंनी जखम शिवायच्या दोऱ्यानं टाके घातले होते, सुंदर, एकसारखे.

या गाडीतून त्या बाळंतपणं करायला जात. विणकरांच्या पेठेत, विड्या वळणाऱ्या बायकांच्या चाळीत, कधी अक्कलकोट रस्त्यावरच्या एखाद्या वस्तीवर. शाळा सुटल्यावर मी हाती लागले तर मलाही नेत; बॅग माझ्या मांडीवर. "तू बोलत नाहीस ते बरं आहे," म्हणत. "बायका बोलल्या की मला उत्तर द्यावं लागतं."

मी बोलत नसे याचं एक कारण गाडीच होती. तिचे ब्रेक ओरडत. मोराचं आणि गंजलेल्या फाटकाचं भांडण लागावं तसा तो आवाज. ब्रेक दाबला की पेठेतले माग थांबल्यासारखे वाटत, माणसं वळून बघत, आणि बघायला समोर कोण, तर खुल्या गाडीत बॅग कवटाळून बसलेली मी. चारजणांत नाव पुकारलं तरी मी खाली बघणारी. मी सीटवर खाली खाली सरकत असे. बाई मात्र गाडी पुरती थांबायच्या आतच एक पाय बाहेर टाकत.

आवाजानं फक्त मी लाजत होते तोवर ठीक होतं. पावसाळा सरता सरता एक दिवस सात रस्त्यावर बाईंनी ब्रेक दाबला आणि शेजारच्या टांग्याचा घोडा दचकून उधळला. टांगा कलंडला. आतल्या एका गुरुजींच्या खांद्याचं हाड मोडलं. बाईंनी त्यांना तिथंच रस्त्यात तपासलं, दवाखान्यात आणून हात बांधला, वर त्यांनाच रागावल्या, "इतकी नाजूक हाडं घेऊन टांग्यात बसता कशाला?" पण त्या दिवशी त्यांनी ताट हातात घेतलं नाही.

बातमी दुधनीला पोचली. भाऊ आला. धोतर, पांढरी टोपी, बोलणं मऊ. बहिणीपुढं तोही उभाच राहायचा, कारण ती बसल्याशिवाय बसायचं कसं?

"अक्का, आता पुरे की. गाडी माझ्या नावावर हाय. उद्या कुनी मेलं तर कोर्टात मी उभा ऱ्हायचा का?"

"तम्मा, आवाजानं कोणी मरत नाही."

"घोडा काय म्हणून पळाला मग? कीर्तन ऐकून?"

बाई अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत आल्या. "आवाज बंद केला तर?"

भावानं थोडा विचार केला. "दसऱ्यापतोर बंद झाला तर गाडी तुझी. नाव पन तुझं लावून देतो. न्हाय झाला तर हैदराबादचं एक गिऱ्हाईक हाय, त्यो घिऊन जाईल. शब्द?"

"शब्द," बाई म्हणाल्या, आणि त्याला तपासायलाच घ्यावं तसा त्याचा हात घट्ट दाबला.

ती गाडी गेली तर काय होईल हे सगळ्यांना कळत होतं. टांगा खेड्यात वेळेवर पोचत नाही. आणि पायी चालणाऱ्या डॉक्टरबाईंची कल्पना करवत नव्हती. त्या चालतच राहिल्या असत्या.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी गाडीला पेशंट केलं. पुढचं चाक जॅकवर उचललं आणि मला ते हातानं फिरवायला लावून स्वतः स्टेथोस्कोप लावून आतलं ऐकलं. त्या चाकात लोखंडाची एक तबकडी फिरते आणि ब्रेक दाबला की दोन बाजूंनी दोन पॅड तिला चिमटीत धरतात. पॅड झिजून पापडाइतके पातळ उरले होते. शिवाय पॅडच्या पाठीशी एक पातळ पत्रा असतो, शिम म्हणतात त्याला. पॅड थरथरू नये, म्हणजे ओरडू नये, एवढंच त्याचं काम. आमच्या गाडीत शिम नव्हतेच.

"बघितलंस?" बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं बिचारी थरथरत होती, आणि आपण तिला कर्कशा म्हणत होतो."

गावातले मेकॅनिक ट्रकवर वाढलेले. एकानं हे ब्रेक पाहून विचारलं, "ह्यात ब्रेक कुटं हाय?" त्याच्या हातातला हातोडा बघून बाईंनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. पॅड मुंबईहून आले, एका ट्रक ड्रायव्हरच्या हाती. त्याच्या बायकोची जुळी बाईंनी सोडवली होती. शिम मिळाले नाहीत. ते बाईंनी वनस्पती तुपाच्या डब्याच्या पत्र्यातून कापले, प्लास्टर कापायच्या कात्रीनं. पुस्तकात लिहिलं होतं की शिमवरचा बाण चाक पुढं फिरतं त्या दिशेला हवा. आमच्या शिमवर बाण कुठला? बाईंनी तोंड आलेल्या पोरांच्या जिभेला लावतात त्या जांभळ्या औषधानं प्रत्येकावर बाण काढला.

हे सगळं होईपर्यंत खंडेनवमी उजाडली. दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी पॅड आणि शिम पांढऱ्या ट्रेमध्ये मांडून बाई चाक काढायला बसणार, म्हणजे ओणव्या होणार, तोच विडी घरकुल वसाहतीतून माणूस बोलवायला आला. गाडी जॅकवर. बाई शिव्या देत सायकलरिक्षात चढल्या. जाताना मला म्हणाल्या, "पुढचं पान वाचून ठेव."

मी वाचून ठेवलं. त्यात ठळक अक्षरांत एक सूचना होती की पॅडला तेल किंवा ग्रीस कदापि लागू देऊ नये. ती मी बाईंना आदल्या रविवारीही वाचून दाखवली होती. त्या "उघड आहे" म्हणाल्या होत्या. त्या वाक्याचं मराठी करायची गरज कुणालाच वाटली नाही, कारण आम्हा दोघींना इंग्रजी येत होतं.

घरात तिसरी बाई होती गंगव्वा. दवाखान्यातली आया, अक्कलकोटकडची, कानडी घरातली, बाईंच्या आईच्या वेळेपासूनची. मी शाळेत गेले आणि गंगव्वानं दवाखान्याची खंडेनवमी मांडली, दरवर्षीसारखी. बाईंना देवाधर्माचं फारसं नव्हतं, पण या पूजेला त्या आड येत नसत. हत्यारं त्या दिवशी घासूनपुसून निघतात यावर त्या खूश असत. पाटावर कात्र्या, चिमटे, वजनकाटा, पाना, जॅकचा दांडा. हे सगळं मी संध्याकाळी परत आले तेव्हा पाहिलं. झेंडूची फुलं, उदबत्ती विझलेली.

बाई दिवस कलताना आल्या. कुणाला तरी मुलगी झाली होती. त्यांनी ट्रे उचलला, एका पॅडच्या लोखंडी पाठीवर कुंकवाचा ठिपका होता तो पदरानं पुसला, "देवी इथंही बसून गेली," म्हणाल्या, आणि कामाला लागल्या. मी वाचत गेले, त्या करत गेल्या. रक्तवाहिनी धरायच्या चिमट्यानं त्यांनी पिना ओढून काढल्या. दोन्ही चाकांचे जुने पॅड निघाले, नवे सरकवले, पाठीशी शिम, जांभळे बाण बरोबर दिशेला. मी सीटवर बसून ब्रेक दाबत राहिले, पायाखाली तो कडक लागेपर्यंत. अंगणात गाडी हातभर पुढं, हातभर मागं झाली. चूं नाही.

बाईंनी माझ्या गालाला काळा हात लावला. मला असं कुणी हात लावलेला आवडत नसे. त्या दिवशी मी तो पुसला नाही.

दसऱ्याला सकाळीच भाऊ आला, बरोबर हैदराबादचे कंत्राटदार. जाडजूड, अत्तराचा वास, मुलासाठी गाडी बघायला आलेले. दोघं फाटकाशी उभे राहिले. बाईंनी मला शेजारी बसवलं. "सात रस्त्यापर्यंत जाऊन येते," म्हणाल्या. "कान उघडे ठेव, तम्मा."

गाडी गप्प होती. कोपऱ्यावर ब्रेक लावला, आवाज नाही. चौकातला हवालदार आम्हाला बघून सवयीनं कानांकडे हात नेत होता, तो तसाच राहिला. कुणी वळून पाहिलं नाही. मी सीटवर सरळ बसले. बाई गुणगुणत होत्या. गाडी कोपऱ्यावर थोडी पुढं जाऊन थांबली होती, हे आमच्या दोघींच्याही लक्षात आलं होतं आणि दोघीही काही बोललो नव्हतो.

सात रस्त्याच्या अलीकडे, फुलांचे ढीग लागले होते तिथं, एक म्हैस रस्त्यात आली. बाईंनी ब्रेक दाबला. गाडी गेली. त्यांनी दोन्ही पायांनी दाबला, उभ्याच राहिल्या जवळजवळ. गाडी तेवढ्याच शांतपणे पुढं. गिअर खाली ओढल्याचा खरखराट झाला, हँडब्रेक ओढला, स्टिअरिंग वळलं, म्हशीची शेपूट माझ्या हाताला लागून गेली आणि आम्ही झेंडूच्या ढिगात शिरलो; एका टोपलीच्या काठानं माझा हात ओरखडला.

आधी काही ऐकू येईना. मग ढिगामागून एक म्हातारी उठली.

"ओ बाई! सोनं लुटायचं ते संध्याकाळी, आन् त्ये पन पायी चालत! गाडी घालत न्हाईत त्यावर!"

"मावशी, लागलं का कुठं?"

"मला न्हाय. माज्या फुलांला ईचारा."

म्हैस केव्हाच निघून गेली होती. बाईंचे हात स्टिअरिंगवर होते आणि ते हलत नव्हते. त्यांना इतकं स्थिर मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघवेना. पुढच्या चाकांतून बारीक धूर येत होता. एक वास आला, ओळखीचा. लहानपणी रविवारी सकाळी नाक दाबून प्यावं लागे त्याचा.

"एरंडेल," मी म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

पहिल्या गिअरमध्ये, रस्त्याच्या कडेकडेनं, आम्ही घरी आलो. गाडी इतकी हळू होती की आपोआप थांबली. पुढच्या जाळीत झेंडू अडकले होते. भावाला वाटलं पूजा केली.

"अक्का!" तो हसत पुढं आला. "आवाज गेला की गं! खरंच गेला! मी कोपऱ्यापतोर कान लावला हुता." त्यानं पाहुण्यांकडे वळून हात जोडले. "साहेब, माफ करा. शब्द म्हंजे शब्द. गाडी अक्काची."

बाईंनी फक्त हो म्हणायचं होतं. तेही नको, गप्प राहिलं तरी चाललं असतं. पॅड उद्या बदलता आले असते, परवा आले असते. भाऊ जेवून दुधनीला गेला असता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. खरं सांगायचं तर, त्यांनी बोलू नये असं मला वाटत होतं.

"ती थांबत नाही, तम्मा," बाई म्हणाल्या. "म्हणून गप्प आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे आत्ता मी हिला आणि एका म्हशीला मारणार होते."

भावाचे हात तसेच जोडलेले राहिले. बाईंनी जॅक मागवला. दसऱ्याच्या नव्या साडीत त्या मातीत ओणव्या झाल्या, चाक काढलं, पॅड बाहेर ओढून नाकाशी धरला. मग हाक मारली. गंगव्वा पुरणाच्या हातानं आली.

"गंगव्वा, याला काल तेल लावलंस?"

"व्हय की. नवी हत्यारं हायती, कोरडी कशी पुजायची? एरंडेलात हळद कालवून लावली, चोळून चोळून. मग पुसून ठिवली, तुमी कुंकू बघून वरडता म्हणून." तिनं चाकाकडे, धुराच्या काळ्या डागाकडे, मग माझ्या ओरखडलेल्या हाताकडे पाहिलं. "काय झालं, अव्वा?"

"काही नाही. तुझं बरोबर आहे. मी सांगायचं ते राहिलं."

गंगव्वाला ते पटलं नाही. ती पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावला.

"रडू नकोस. तवा रिकामा कर," बाई म्हणाल्या.

पुरणपोळीचा तवा म्हणजे गंगव्वाचा देव. तिनं "पोळीच्या तव्यावर? सणाच्या दिशी?" असं कानडीत आणि मराठीत दोन्ही विचारून पाहिलं. पण शेवटी तव्यावर चार पॅड भाजले गेले. आतलं तेल उकळून वर आलं. घरभर धूर, डोळ्यांना पाणी. कंत्राटदार रुमाल नाकाला लावून म्हणाले, "क्या पका रैं, बाईसाब?" बाई म्हणाल्या, "इलाज." मग भावानं टोपी काढून ठेवली, धोतर खोचलं आणि पॉलिशपेपरवर पॅड घासायला बसला. बसताना त्यानं बहिणीकडे एकदा पाहून घेतलं, परवानगी मागितल्यासारखं.

पॅड परत बसले. बाईंनी यावेळी मला घेतलं नाही. "उतर," म्हणाल्या. "आत्ता मी एकटी."

फाटकाबाहेर त्यांनी गाडी जोरात सोडली आणि आमच्यासमोर कचकन ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. आणि असा आवाज झाला की कडुनिंबावरचे सगळे कावळे उठले. तव्यावर भाजून पॅड टणक झाले होते. तुपाच्या डब्याचा पत्रा त्यांना काय आवरणार? पहिल्यापेक्षा वाईट ओरडत होती.

बाई उतरल्या. चावी भावापुढं धरली.

"आवाज आहे," म्हणाल्या. "शब्द म्हणजे शब्द."

कंत्राटदारांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. "आवाज का क्या है, हैदराबाद में निकलवा लेंगे," म्हणाले. "मेरे कू पसंद है."

भावानं चावी घेतली. तळहातावर ठेवून बघत राहिला. बाई फाटकाचा अडसर उगाच उघडत होत्या आणि लावत होत्या.

"अक्का, मगाशी तू बोलली नसतीस तर?"

"तर कधीतरी त्या सीटवर तू बसला असतास."

"माजं गुडघं मावत न्हाईत."

"गंगव्वा बसली असती. ही बसली असती." त्यांनी माझ्याकडे हनुवटी केली.

भाऊ पाहुण्यांकडे वळला. "साहेब, जेवून जावा. पोळ्या हायत्या." मग चावी बहिणीच्या हातात परत ठेवून म्हणाला, "गाडी द्यायची न्हाई."

कंत्राटदार काहीतरी बोलणार होते, पण पुरणाचा वास धुरातून वर आला होता. पानं मांडली. भावानं बहिणीसाठीही पाट टाकला, आपल्या शेजारी. ती बसली नाही. ताट हातात घेते न घेते तोच फाटकाशी सायकल आली, कुणाच्या तरी सुनेला कळा सुरू झाल्या होत्या, होटगी रस्त्याला. बाईंनी पोळीची घडी करून तोंडात धरली, माझ्याकडे बघून बोट कोपऱ्यातल्या बॅगेकडे केलं, मी ती आणून दिली, आणि त्या गेल्या.

आम्ही पानांवर बसलो होतो. कुणी जेवायला सुरुवात केली नाही. गंगव्वा तुपाची वाटी घेऊन दारातच थबकली. इंजिनाचा आवाज कोपऱ्याकडे जात होता. तिथं वळण आहे, आणि समोरून सिटी बस येते.

किंकाळी आली. लांबलचक, घाणेरडी, अंगावर काटा आणणारी.

"थांबली," भाऊ म्हणाला, आणि त्यानं पहिला घास मोडला.